नऊ रविवार आणि चौऱ्याऐंशी ग्रॅम

शुक्रवार, ३ मे. संध्याकाळी ७

निर्णय झाला. कन्या बुधवारी, ३ जुलैला, कॉलेजसाठी परगावी हॉस्टेलवर जाणार. त्याआधी रविवार किती उरतात, हे या घरात कोणी मोजलं नव्हतं. मी मोजले. नऊ. हे नऊच्या नऊ रविवार फक्त बाप-लेकीचे.

फॅक्टरीतल्या मोठ्या प्रिंटरवर चार्ट काढला. तो प्रिंटर खोक्यांची ड्रॉइंग काढायचा आहे, पण मी प्लॅनिंगचा हेड, मला कोण विचारतो. फ्रिजवर लावला. डावीकडे तारखा, उजवीकडे ‘झाले’ असा रकाना. फ्रिजचं दार आता उघडताना थोडं अडतं, पण सवय होईल.

रविवारी करायचं काय, तेही ठरलं. मासेमारी. गांडूळ लावून दगडावर बसायची नव्हे, ती कोणीही करतो. फ्लाय फिशिंग! पिसांची खोटी माशी, लांब लवचिक रॉड आणि हवेत झोका घेणारी लाइन. सात व्हिडिओ पाहिले. शेवटच्यात एक बाप आणि त्याची मुलगी गुडघाभर पाण्यात उभे होते आणि मुलगी बापाकडे टक लावून बघत होती. मला तेवढंच पाहिजे.

सौ.ने विचारलं की हे कन्येला विचारलं का. मी म्हटलं, सरप्राइज आहे. फ्रिजवर चिकटवलेलं सरप्राइज कसलं, असं ती म्हणाली. मुद्द्याला धरून बोलणं तिला कधी जमलंच नाही.

रविवार, ५ मे. दुपारी

रविवार क्रमांक एक. पहाटेच उठलो, साडेआठला. कन्या घरात नव्हती. रविवारी सकाळी ती कुठेतरी जाते, मैत्रिणीकडे असावी. हे आता बंद करावं लागेल.

एकटाच रॉडवाल्याकडे गेलो. त्याचं मूळ काम बोटदुरुस्ती. फायबरग्लासच्या फुटक्या बोटींना ठिगळं लावतो आणि उरलेल्या वेळात हातानं रॉड बनवतो. काचेच्या धाग्याचं तलम कापड तिरकं कापायचं, रेझिनमध्ये भिजवायचं, निमुळत्या सळीवर घट्ट गुंडाळायचं, भट्टीत भाजायचं आणि सळी ओढून काढायची. उरते ती पोकळ, मधाच्या रंगाची नळी. बघितली आणि मी जागच्या जागी विरघळलो.

त्यानं दोन रॉड हातात दिले आणि अंगणात हलवून बघा म्हणाला. एक कार्बनचा, एक ग्लासचा. मग मला दोनदा सांगितलं की तुम्ही कार्बनचाच घ्या, तो घाई सोसतो. ग्लास सावकाश वाकतो, सावकाश सरळ होतो, त्याच्यासाठी थांबावं लागतं. अस्सल गिऱ्हाईक पारखायची ही जुनी युक्ती. मी म्हटलं, ग्लासच. त्यानं सुस्कारा सोडला. दर्दी माणसाला दर्दी भेटला की असंच होतं.

तीन आठवडे लागतील म्हणाला. वॉर्निशचे चार हात द्यायचे आणि प्रत्येक हात नीट वाळू द्यायचा. मी समजावलं की लाइन ओवायच्या रिंगा बांधणं आणि वॉर्निश समांतर चालवलं तर आठ दिवसांत उरकेल. कागदावर आकृती काढून दिली. त्यानं ती घेतली आणि रेझिनच्या डब्याखाली घातली, डबा गळत होता.

आजचा रविवार पुढे ढकलला. तारखेवर लाल स्टिकर लावलं आणि चार्टच्या तळाला एक तारीख वाढवली. आमच्या फॅक्टरीत एकही ऑर्डर रद्द होत नाही, हुकत नाही, फक्त पुढे जाते. म्हणून तर बावीस वर्षं माझ्या खात्याचा रेकॉर्ड स्वच्छ आहे. एकूण रविवार: अजून नऊच.

रविवार, १२ मे

पुढे ढकलला. वॉर्निश वाळतंय.

कन्या म्हणाली की तोवर साध्या बांबूनं जाऊ, बाबा. मी साफ नाही म्हटलं. हाताला एकदा वाईट वळण लागलं की जन्मभर जात नाही. त्याऐवजी तिला तीन व्हिडिओ दाखवायला घेतले. पहिल्याच्या मध्यावर ती उठून गेली. उरलेले मी पाहिले.

एकूण रविवार: नऊ.

गुरुवार, १६ मे. फॅक्टरी, जेवणाची सुट्टी

बिस्किटवाल्यांचा फोन. खोकी आठवडाभर आधी हवीत म्हणे. गोदामाचा इनचार्ज धावत आला, तोंडाला फेस. त्याला आमच्या खात्याचा नियम पुन्हा शिकवला. पहिल्या तगाद्याची नोंद घ्यायची नाही. दुसऱ्याला ‘बघतो’ म्हणायचं. तिसरा आला तरच तारखेला हात लावायचा. निम्म्याहून जास्त तगादे तिसऱ्यापर्यंत पोचतच नाहीत.

इनचार्ज म्हणाला, ती गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात म्हणून पोचत नाहीत. गोदामात राहून माणसाची नजर गोदामाएवढीच होते.

रविवार, १९ मे

पुढे ढकलला. वॉर्निशच्या तिसऱ्या हातात धूळ बसली, ती घासून पुन्हा करावी लागतेय. मी जाऊन दोन तास बसलो आणि धूळ कशी टाळावी ते सांगितलं. सांगत असतानाच त्यानं घासायचं मशीन चालू केलं. कामसू माणूस.

घरी आलो तर कन्येनं उशीतलं पीस आणि शिवणाचा दोरा घेऊन एक माशी बांधली होती. तळ्यावर सध्या अशाच राखाडी असतात, असं ठासून म्हणाली. हिला काय माहीत! तरी मी कौतुक केलं, प्रयत्न चांगला आहे म्हटलं आणि माशी ड्रॉवरमध्ये टाकली. मी बारा माश्यांचा तयार डबा मागवला आहे. त्यातल्या चार जांभळ्या आहेत.

शनिवार, २५ मे

आला!

सात फूट, तीन तुकडे. एकमेकांत असे बसतात की आवाजसुद्धा होत नाही. रिंगा बांधलेला रेशमी दोरा गडद तांबडा. मुठीला कॉर्क. उन्हात धरला तर आरपार उजेड दिसतो. फॅक्टरीच्या लॅबमध्ये कागद मोजायच्या काट्यावर ठेवला, चौऱ्याऐंशी ग्रॅम. दीड अंडं! एवढ्या हलक्या वस्तूनं माणसाला एवढा धीर येतो, हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

संध्याकाळभर हातात धरून बसलो. तसाच बातम्या पाहिल्या. बातम्यांचा त्रास झाला नाही.

सौ.ने पाच मिनिटं बघायला मागितला. हाताच्या घामानं कॉर्क काळा पडतो, म्हणून नाही म्हटलं. माझ्याही हाताला घाम येतो, पण तो मालकाचा.

कन्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, किती सुंदर आहे. मी तिला सांगितलं की सुंदर हा शब्द अडाणी लोक वापरतात, याला ‘फुल फ्लेक्स’ म्हणतात.

रविवार, २६ मे. गच्ची

आधी कोरडा सराव. हा तंत्राचा भाग आहे, याला ‘पुढे ढकलला’ म्हणता येणार नाही, पण स्टिकर लावलं.

लाइन मागे फेकायची, मग पुढे. एवढंच. तरीही ती दर वेळी माझ्या डोक्यावर येऊन पडते. रॉड थोडा मंद निघाला की काय, शंका येते. कन्या पाण्याच्या टाकीवर बसून बघत होती. म्हणाली, बाबा, तुम्ही मागे थांबतच नाही, लाइन सरळ व्हायच्या आत पुढे ओढता. मी तिला समजावलं की थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं. तिनं विचारलं, मी एकदा करून बघू? म्हटलं, आधी मला स्टँडर्ड सेट करू दे. दीड तास सेट करत होतो. मधे केव्हातरी ती खाली गेली असावी.

रविवार, २ जून. गच्ची

पहिलं सावज!

खरं म्हणजे चादर. खालच्या मजल्यावरच्या काकूंची, दोरीवर वाळत घातलेली. मागच्या फेकीत हूक अडकला आणि मी पद्धतशीर रीळ फिरवून ती आणली. फुल फ्लेक्स पाहायला मिळाला, रॉड कॉर्कपर्यंत वाकला आणि कुठे कुरकुरला नाही. वजन अंदाजे सव्वा किलो, ओली. काकू वर आल्या. रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, लेकीला शिकवताय की तिच्याकडून शिकताय? काकूंचा स्वभाव विनोदी आहे.

मंगळवार, ४ जून

ऑफिसातून परस्पर रॉडवाल्याकडे. म्हटलं, मंद आहे. त्यानं रॉड घेतला, अंगणात उभा राहिला, लाइन मागे सोडली आणि थांबला. इतका थांबला की मला वाटलं, विसरला. मग पुढे सोडली. दोन उलट्या बोटींवरून लाइन गेली आणि टोकाची माशी पलीकडच्या बादलीत पडली. बादलीतच. रॉड परत देताना म्हणाला, मागे गेलेलं आधी पुरतं सरळ होऊ द्या.

त्याच्या अंगणातली हवा वेगळी आहे. घरी हे सौ.ला सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती भाजी चिरताना भाजीकडे बघून म्हणाली.

रविवार, ९ जून. रात्री ८

अखेर तळं! तिघं गेलो. अविस्मरणीय दिवस.

तळ्यावरचा पावतीवाला कन्येला बघून हसला आणि तिला हात केला. बाहेरच्या लोकांशी किती अदबीनं वागतात इथले लोक! माझ्याकडून मात्र ओळखपत्र मागितलं.

काठावर कन्येला समोर बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. फायबरग्लासचा इतिहास, लाइनचं वजन, माशाचं मानसशास्त्र. दोन तास. मग प्रात्यक्षिक. माशी अकरा वेळा मागच्या झाडात गेली. अकराही वेळा कन्येनं झाडावर चढून काढून दिली, तक्रार नाही. सौ. म्हणाली, एकदा तिच्या हातात दे. मी म्हटलं, आज पाया घालतोय, कळस नंतर. जेवायच्या वेळेला बघतो तर कन्या पाण्यात पाय सोडून, चाळणीनं किडे गोळा करून वहीत काहीतरी लिहीत होती. मी म्हटलं, लक्ष इकडे ठेव.

एकही मासा नाही. पण आज कन्येशी पोटभर बोललो. इतकं तर गेल्या पाच वर्षांत बोललो नव्हतो. ती काय म्हणाली ते आता आठवत नाही, पण वातावरण छान होतं.

आजचा दिवस ट्रायल म्हणून धरला, मोजणीत नाही. एकूण रविवार: नऊ.

सोमवार, १० जून

सकाळी कन्या फ्रिजसमोर उभी होती. चार्ट आता खाली भाजीच्या कप्प्यापर्यंत पोचला आहे. तिनं शेवटची तारीख वाचली, ११ ऑगस्ट. विचारलं, बाबा, ११ ऑगस्टला तुम्ही कोणाबरोबर जाणार? मी सांगितलं की प्लॅन हा प्लॅन असतो, त्यात माणसं नंतर भरतात. ती हसली. सौ. हसली नाही.

रविवार, १६ जून. संध्याकाळी

बिस्किटवाल्यांचा तिसरा तगादा. रविवार असून फॅक्टरीत. पुढे ढकलला, यात माझा दोष नाही.

घरी आलो तर रॉडची नळकांडी दुसऱ्याच कोपऱ्यात. उघडली. कॉर्क दमट, लाइनला शेवाळ. विचारल्यावर मायलेकींनी लगेच कबूल केलं, लाजही नाही. तळ्यावर गेल्या होत्या. कन्या म्हणाली, उशीच्या पिसाच्या माशीवर दोन मिळाले बाबा, दोन्ही सोडून दिले. रॉड म्हणजे लोणी आहे. हे सांगताना तिचे डोळे चमकत होते.

नवशिक्या माणसाला असे भास होतात. पाण्यात पानं हलतात, गवत ओढतं. सौ. म्हणाली, मी डोळ्यांनी पाहिले. मी म्हटलं, तूही नवशिकीच.

रॉड कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. हे कठोर वाटेल, पण वस्तूची शिस्त असते. कन्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दार जोरात नाही लावलं. जोरात लावलं असतं तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं.

सोमवार, १७ जून

सौ. सांगत होती की हॉस्टेलकडून मेल आला, खोल्या आधीच देणार आहेत. ३ जुलै नाही, येत्या रविवारी २३ लाच निघावं लागेल. मी विचारलं, फायनल आहे का? ती म्हणाली, फायनल आहे. आमच्याकडे ‘फायनल’ नावाच्या ड्रॉइंगनंतर अजून चार ड्रॉइंगं येतात.

गिऱ्हाईक नेहमी तारीख अलीकडेच मागतं. पहिला तगादा. नोंद नाही.

गुरुवार, २० जून

सौ.ने पुन्हा रविवारचा विषय काढला. गाडी सव्वादहाला येईल, मी तिच्याबरोबर जाऊन तीन दिवस राहणार, तूही सोमवारची रजा टाकून चल, असं म्हणाली. मी म्हटलं, बघतो.

शनिवार, २२ जून. संध्याकाळी ६

उद्याचा बेत पक्का. पहाटे पाचला एकटा तळ्यावर. बूट हातात घेऊन बाहेर पडायचं, म्हणजे कोणाची झोप मोडायला नको. एक मासा मिळवायचा. फक्त एक. नऊपर्यंत परत. मग कन्येला उठवून सांगायचं की आता तुझा बाप तयार आहे, पुढच्या रविवारी आपण दोघं. ट्रायल घेतल्याशिवाय माल कोणी पाठवत नाही.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचणार नाही. ती सहा वर्षांची असताना मी बाथरूमचा नळ दुरुस्त केला होता. नुसता वॉशर बदलला. ती बादलीवर बसून बघत होती आणि नंतर महिनाभर सगळ्यांना सांगत होती की माझ्या बाबांना सगळं येतं. त्यानंतर तिनं माझ्याकडे तसं कधी पाहिलं नाही. मी नळ बरेच दुरुस्त केले. मला ते एकदा परत पाहिजे. ती गेल्यावर मी काय करणार, ते मला ठाऊक नाही, आणि त्याचा चार्ट मला काढता येत नाही.

हॉलमध्ये बॅगा. पाच. अंगठा ठेचला. सगळं आधीपासून भरून ठेवायची सवय मायलेकींना आहे. दोघी मैत्रिणींकडे निरोपाच्या जेवणाला गेल्यात. जेवून लगेच झोपतो.

रविवार, २३ जून. सकाळी ८.१५. तळं

पेन्सिलीनं लिहितोय. हात ओले, अक्षराकडे दुर्लक्ष.

मिळाला!

तीन तास फेकून खांदा भरून आला. लाइन मागे टाकली आणि हात पुढे आणायचं त्राणच उरलं नाही, म्हणून थांबलो. मग रॉडनं स्वतः ओढ दिली. मागे लाइन अशी ताठ सरळ झालेली मला हातात कळली, रॉड मुठीपर्यंत वाकला, मी नुसता पुढे झुकलो आणि लाइन निघाली ती निघालीच. माशी पाण्यावर पडली, आवाज नाही. आणि मग खाली कोणीतरी खेचलं. जिवंत. चौऱ्याऐंशी ग्रॅममधून त्याची धडधड माझ्या कोपरापर्यंत आली.

करंगळीपेक्षा थोडा मोठा. रुपेरी. मी मोठ्यानं ओरडलो. वळून बघितलं. मागे ते झाड.

सोडून दिला.

फोन गाडीत आहे, सायलेंटवर. माशांना आवाज कळतो.

८.४०

निघायला हवं. पण एक मिळाला म्हणजे नशीब, दोन मिळाले म्हणजे सिस्टिम. एकाच्या जोरावर काय सांगणार तिला? अजून एक.

१०.२०

दुसरा नाही. हवा उत्तम. घाई कसली, रविवार आहे.

दुपारी १२.४५. घरी

दाराला कुलूप. किल्ली काकूंकडे. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या पँटला शेवाळ होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही नाही गेलात लेकीला सोडायला? मग म्हणाल्या की गाडीवाला हॉर्न वाजवत होता, तरी ती दहा वीसपर्यंत फाटकापाशी उभी होती. तिला वाटत होतं तुम्ही पोचालच.

हॉलमध्ये बॅगा नाहीत. गाडीतून फोन आणला. सतरा मिस्ड कॉल. नऊ सौ.चे, आठ तिचे.

तगादा नियमात बसत होता की नाही, याचा विचार करून पाहिला. हॉस्टेलनं तारीख बदलायला नको होती. सौ.ने कागदावर लिहून द्यायला हवं होतं. गाडी सव्वादहाला न सांगता दुपारी सांगता आली असती. ही तीन कारणं आहेत. चौथं लिहायला घेतलं आणि सोडून दिलं.

३.३०

फोन लागला. तीच बोलली. रागावलेली नव्हती. जेवण झालं का विचारलं, तेही तिनंच मला. मी सॉरी म्हणणार होतो, पण तोंडातून मासाच निघाला. सगळं सांगितलं. खांदा, मागची लाइन, रॉडची ओढ. एरवी ती मध्येच उठून जाते, आज गाडीत होती, कुठे जाणार. सगळं ऐकून विचारलं, केवढा होता बाबा? हातभर म्हणायचं तोंडाशी आलं होतं. म्हटलं, करंगळीपेक्षा थोडा मोठा. ती म्हणाली, मग तुम्ही थांबलात शेवटी. म्हटलं, हो. ती म्हणाली, छान.

मग रेंज गेली. सॉरी राहिलं.

सोमवार, २४ जून. सकाळी

झोप नाही, पण डोकं स्वच्छ. निर्णय झाला. रॉड कन्येला पाठवणार. तिचाच आहे तो, खरं तर पहिल्यापासून तिच्यासाठीच घेतला होता. यानं सगळं मार्गी लागेल. रजा टाकली. चार्ट काढून टाकला, फ्रिज व्यवस्थित उघडतो. फॅक्टरीतून पाच पदरी खोकं आणलं, सात फुटांचा रॉड तीन तुकड्यांत नळकांडीत, चारी बाजूंनी कागदाचा लगदा. असं पॅकिंग बिस्किटवाल्यांनाही कधी दिलं नाही. माश्यांचा डबाही ठेवला. जांभळ्या काढून घेतल्या.

वर लेबल चिकटवलं. मोठ्या अक्षरात तिचं नाव लिहिलं. पुढच्या ओळीवर पेन टेकवलं.

११.१५

गावाचं नाव येतं. हॉस्टेलचं येत नाही. रस्ता, खोली, काहीच नाही. सौ. फोन उचलत नाही, कन्या लेक्चरला असावी. तिला काय विचारू, तू कुठे राहतेस?

११.५०

खाली काकूंकडे गेलो. लेबल आणि पेन घेऊन. म्हटलं, पत्ता माझ्याकडे आहेच, फक्त एकदा तपासून घेतो. काकूंनी कणकेचे हात धुतले आणि तोंडपाठ सांगितला, हॉस्टेल, मजला, खोली, पिनकोड. खोलीतली दुसरी मुलगी कशी आहे तेही. मी लिहीत गेलो.

खोक्यात काय आहे विचारलं. रॉड म्हटलं. त्या म्हणाल्या, बरं केलंत, आता तिला तिकडे दुसरं तळं शोधावं लागेल. मग सांगत राहिल्या की दोन वर्षं झाली, दर रविवारी पहाटे वही आणि चाळणी घेऊन पोर त्या तळ्यावर जायची, येताना त्यांच्याकडे चहा प्यायची आणि आज कुठला किडा सापडला ते सांगायची. सुरुवातीला म्हणे, तुम्हीही तिच्याबरोबर यावं म्हणून ती दर शनिवारी तुम्हाला विचारायची.

मी मान डोलावली, जणू मला आठवतंय.